शनिवारचे सोबती

परदेशाहून गावी परत आल्यापासून आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. देवळाच्या पायऱ्यांवर, आठवड्याच्या बाजारात, बसची वाट पाहताना कोणी ना कोणी विचारतोच, "लंडनात पाच वर्षे काढलीत, एवढ्या मोठ्या शहरात मन कसे रमले?" विचारणाऱ्याची अपेक्षा अशी असते की, आम्ही राजवाडा, थेम्स नदीवरील पूल आणि ते सुप्रसिद्ध घड्याळ यांची वर्णने करावीत. ती स्थळे आम्ही पहिल्या पंधरवड्यातच पाहून टाकली आणि खरे सांगायचे तर दिनदर्शिकेवरील त्यांची चित्रेच अधिक देखणी वाटली. मन रमले ते शनिवारांमुळे. तेव्हा त्या शनिवारांविषयीच चार शब्द लिहावेत असे योजिले आहे. ज्यांची मुले आज दूरदेशी आहेत, अशा घरांत ते वाचले जातील अशी आशा आहे.

आमच्या सौभाग्यवती परिचारिका. २०१३ च्या सप्टेंबरात त्यांना लंडनमधील एका रुग्णालयात नेमणूक मिळाली व तीन महिन्यांनी आम्ही त्यांच्यामागून गेलो. येथे शाळेत कारकुनी करणाऱ्या आम्हांस तेथे मालाच्या एका कोठारात रात्रपाळीचे काम मिळाले. शहराच्या ईशान्येस वॉल्थमस्टो नावाचा भाग आहे. तेथे एका घराच्या माडीवरील खोलीत आमचे बिऱ्हाड होते. आम्ही पोहोचलो तो डिसेंबर महिना. त्या दिवसांत तेथे दुपारी चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो व सकाळी आठपर्यंत वर येत नाही. रात्री काम करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला त्याचे दर्शन व्हावे तरी कसे? पहिल्या सहा आठवड्यांत आम्ही सूर्य किती वेळा पाहिला ते बोटांवर मोजता येईल.

परंतु अंधारापेक्षाही शांततेचा त्रास अधिक होई. आपल्या गावात घराबाहेर पाऊल टाकले की, "काय, कुठे निघालात?" असे विचारणारी दहा माणसे भेटतात आणि आपण कधी कधी त्यांच्यावर चिडतो. तिकडे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांनी चार महिन्यांत आमच्याशी एक वाक्य उच्चारले, तेही कचऱ्याच्या डब्याविषयी. ते वाईट होते असे नव्हे. आपल्यामुळे दुसऱ्याला उपद्रव होऊ नये, हीच त्यांची सभ्यतेची व्याख्या होती. तथापि उपद्रवाच्या भुकेने माणूस व्याकूळ होऊ शकतो, हे आम्हांला तेथेच कळले.

त्या भागातील कॅथलिक देवळात रविवारच्या मिस्सेनंतर मागच्या सभागृहात चहा-बिस्किटे देण्याची प्रथा होती. आम्ही दोघे कपबशी घेऊन भिंतीला टेकून उभे राहत असू. एके रविवारी एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. जन्माने आयरिश, चाळीस वर्षे लंडनात टपाल वाटून निवृत्त झालेले. त्यांनी हवामानाची चौकशी केली नाही, ही आश्चर्याची गोष्ट. एकदम विचारले, "शनिवारी तुम्ही काय करता?"

आम्ही म्हटले, "झोपतो."

"या शनिवारी झोपू नका. साडेनऊला स्टेशनवर या. आणि पायांत बरे बूट घाला."

'बरे बूट' या शब्दांचा अर्थ आम्ही आपल्या समजुतीप्रमाणे घेतला आणि लग्नातले काळे, चकचकीत बूट घालून गेलो. त्या बुटांचे पुढे काय झाले ते सांगायला नकोच.

त्या दिवशी गाडीने चिंगफर्डला गेलो. आमच्या स्टेशनपासून ते तिसरे आणि शेवटचे स्टेशन. जेमतेम दहा-बारा मिनिटांचा प्रवास. बाहेर पडून थोडे चालल्यावर आठव्या हेन्री राजाने १५४३ साली बांधविलेला शिकारीचा लाकडी माळा लागतो आणि तेथून एपिंगचे जंगल सुरू होते. अफाट लोकवस्तीच्या उंबरठ्यावर सुमारे सहा हजार एकरांचे रान उभे आहे, हे आम्हांला तोवर कोणी सांगितले नव्हते. बीच व हॉर्नबीम जातीची जुनी झाडे. माणसाच्या डोक्याहून थोड्या उंचीवर खोड एकाएकी फुगलेले आणि तेथून हाताच्या बोटांप्रमाणे जाड फांद्या वर गेलेल्या. अशी विचित्र झाडे पाहून आम्ही कारण विचारले आणि टपालवाल्या काकांनी (पुढे आम्ही त्यांना काकाच म्हणू लागलो व त्यांनीही तो शब्द शिकून घेतला) त्या झाडांचा इतिहास सांगितला.

आपल्याकडे घाटाच्या बाजूला राब भाजण्यासाठी ऐन-किंजळाचा टहाळ तोडतात, तशीच ही गोष्ट. जंगलाकडेच्या लाउटन गावातील गरीब लोकांना ११ नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत जळणासाठी फांद्या छाटण्याचा पिढीजात हक्क होता. नवे कोंब गुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून फांद्या उंचावर छाटीत. त्यामुळे झाडांना हा आकार आला. १८६५ च्या सुमारास तेथील जमीनदाराने जंगलाला कुंपण घालण्यास आरंभ केला. हे जमीनदार धर्मोपदेशकही होते, हे काका मिस्किलपणे सांगत. टॉमस विलिंगेल नावाच्या वृद्ध मजुराने व त्याच्या घरच्यांनी कुंपण जुमानले नाही. फांद्या छाटल्याबद्दल त्या घरातील तिघांना १८६६ साली तुरुंगात जावे लागले. प्रकरण गाजले. पुढे लंडनच्या नगरसंस्थेने न्यायालयात धाव घेऊन कुंपणे बेकायदा ठरविली व १८७८ च्या कायद्याने ते रान सर्व लोकांसाठी कायमचे मोकळे राहिले. छाटणीचा हक्क मात्र गेला. त्याच्या भरपाईच्या पैशातून लाउटनमध्ये १८८४ साली एक सार्वजनिक सभागृह उभे राहिले. त्याचे नावच 'लॉपिंग हॉल', म्हणजे छाटणीचे सभागृह. आज आम्ही त्या रानात फुकट फिरत होतो ते एका मोळीवाल्याच्या कृपेने! या विचाराने त्या दिवशी चिखलातही आमचे पाय हलके पडत होते.

काकांच्या त्या मेळ्यात ठरलेले असे कोणी नव्हते. कधी चार जण, कधी नऊ. एक पोलिश बाई होत्या, पावाच्या भट्टीत पहाटे तीनला कामास जाणाऱ्या. केरळातील एक परिचारिका व तिचा पती. घाना देशातील बस चालविणाऱ्या एक भारदस्त बाई. त्यांचे हसणे शेताच्या या टोकाला सुरू झाले तर त्या टोकाला ऐकू जाई. आणि गोव्याचे एक दांपत्य. हे गृहस्थ जन्मले नैरोबीत, वाढले नैरोबीत, १९६८ साली इंग्लंडास आले. आपले मूळ गाव त्यांनी आयुष्यात तीनदाच पाहिलेले. आमची मराठी व त्यांची कोकणी यांचा संसार रस्त्याने मोठा गमतीचा चाले. एखाद्या शब्दावर अडले की दोघेही इंग्रजीत शिरत आणि मग लाजून परत येत. एकदा त्यांना घेऊन आम्ही तेथील महाराष्ट्र मंडळातही गेलो होतो. १९३२ साली स्थापन झालेली ती संस्था; साऱ्या सभागृहात मराठी बोलणे चाललेले ऐकून आमचे डोळे भरून आले, आणि ते गृहस्थ आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुमचे बरे आहे, तुम्हांला गाव आठवतो तरी."

या सहलींना पैसा फारसा लागत नसे. तीन ते नऊ माणसांनी मिळून गर्दीच्या वेळा टाळून आगगाडीने जायचे ठरविले, तर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. वुलिच येथे थेम्स ओलांडणारी नाव १८८९ पासून फुकट चालते. ग्रिनिचला नदीच्या तळाखालून चालत जाण्याचा बोगदा आहे, १९०२ सालचा, सुमारे १,२१५ फूट लांब. त्यालाही पैसा पडत नाही. डोक्यावरून जहाजे जात असताना घानाच्या बाई त्या बोगद्यात मोठ्याने गाणे म्हणत व पलीकडून येणारे लोक थबकून उभे राहत. खाण्याचे म्हणाल तर प्रत्येकाचा डबा. आमच्या भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीला प्रथम कोणी हात लावीना. तिसऱ्या शनिवारपासून चटणी आमच्या वाट्याला उरेना.

मैत्रीच्याही तेथे काही रीती असतात, त्या शिकाव्या लागल्या. आम्ही प्रथम उत्साहाने म्हटले, "आज संध्याकाळी आमच्या घरी जेवायलाच या." सारे एकमेकांकडे पाहू लागले. काकांनी खिशातून छोटी वही काढून तीन आठवड्यांनंतरची तारीख सांगितली. आम्हांला तो अपमान वाटला. घरी येऊन सौभाग्यवतींपाशी पुष्कळ बोललो. पण त्या तारखेला, बाहेर बर्फ पडत असताना, ठरलेल्या मिनिटाला सातही जण दारात उभे होते. पेय घेण्याच्या गुत्त्यातही असेच. तेथे प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी मागवायचे असते. आम्ही पीत नसल्यामुळे संकोचाने "आम्हांला काही नको" म्हणून कोपऱ्यात बसत असू, महिनाभराने पोलिश बाईंनी स्पष्टच सांगितले, "संत्र्याचा रस घ्या, पण पाळी चुकवू नका. पाळी चुकविणारा पाहुणा राहतो, सोबती होत नाही."

चालण्याची वाट हा तर तिकडचा एक चमत्कारच म्हणावा. इंग्लंड व वेल्समध्ये मिळून सुमारे १,४०,००० मैलांचे असे हक्कमार्ग आहेत की, जे लोकांच्या खाजगी शेतांतून, कुरणांतून, कधी कधी अंगणाला लागून जातात व त्यांवरून कोणीही चालू शकतो. खांबावर पिवळा बाण असतो. कुंपण आले की ओलांडण्यासाठी लाकडी पायरी, नाही तर एका वेळी एकच माणूस जाईल पण गुरे अडतील असे झुलते फाटक. पहिल्यांदा उभ्या गव्हातून जाणाऱ्या वाटेपाशी आम्ही थबकलोच. आपल्याकडे दुसऱ्याच्या बांधावर पाय पडला म्हणून दोन पिढ्या कोर्टात झिजलेल्या आम्हांला ठाऊक आहेत! शेतकरी समोरून यंत्र घेऊन आला तेव्हा पळावे की नमस्कार करावा हे सुचेना. त्याने हात वर केला व तो निघून गेला.

तथापि हे हक्क कोणी ताटात वाढून दिलेले नाहीत, हे काका पावलोपावली दाखवीत. शहराच्या नैर्ऋत्येस रिचमंडचे राजोद्यान आहे. २,५०० एकर, आत सहाशेंवर हरणे. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली त्याभोवती भिंत घातली. पुढे दुसऱ्या जॉर्जची कन्या राजकुमारी अमेलिया हिने सामान्य लोकांना आत येण्यास बंदी केली, तेव्हा जॉन लुईस नावाच्या बिअर बनविणाऱ्या स्थानिक व्यापाऱ्याने राजघराण्याविरुद्ध दावा मांडला आणि १७५८ साली जिंकला. न्यायाधीशाने विचारले, भिंतीत दार पाहिजे की वरून जाण्यास शिडी? लुईसने शिडी मागितली, कारण दाराला कुलूप लागू शकते. मग शिडीच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या अंतराने बसविल्या की म्हातारी माणसे व मुले चढू शकेनात. लुईस पुन्हा कोर्टात! तेव्हा त्याच न्यायाधीशाने फर्माविले की, मुले व म्हातारेच नव्हेत तर म्हाताऱ्याही चढतील अशा पायऱ्या करा. काकांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. ही गोष्ट सांगताना ते छाती पुढे काढून चालत.

आता जे लिहिणार आहोत ते लिहिण्यास थोडा संकोच वाटतो.

२०१५ च्या पावसाळ्यात गावी आमच्या घराचे छप्पर खचले. बाबांचा दूरध्वनी आला. वासे कुजले आहेत, सारे छप्पर नवे करावे लागेल. धाकट्या भावाने सोसायटीतून कर्ज उचलले व हप्ते आम्ही भरावेत असे ठरले. ते योग्यच होते. आमच्या कोठारात शनिवारी जादा पाळी केल्यास दीडपट मजुरी मिळे. सप्टेंबरपासून आम्ही प्रत्येक शनिवार कामाला दिला. सौभाग्यवती दोन वेळा एकट्या सहलीला गेल्या, नंतर त्यांनीही जादा काम घेतले. काकांनी चार-पाच वेळा विचारले. आम्ही कधी होय म्हणून गेलो नाही, कधी उत्तरच दिले नाही. नाताळात त्यांचे भेटकार्ड आले, तेही आम्ही उशीखाली सरकवून ठेवले. घरी पैसे वेळेवर जात होते. बाबा नव्या छपराविषयी आनंदाने बोलत. आम्ही दोघे मात्र एका खोलीत राहून चिठ्ठ्यांवर बोलू लागलो होतो: 'भात झाकून ठेवला आहे', 'दूध आणावे'. काही बोलणे झालेच तर ते पैशांचे, आणि त्याचा शेवट भांडणात.

२०१६ च्या फेब्रुवारीत एका रात्री सौभाग्यवतींच्या पोटात असह्य दुखू लागले. त्यांच्याच रुग्णालयात त्यांच्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. आम्हांला कामावरून दोन दिवसांची रजा मिळाली. त्यापुढे न आल्यास जागा राहील याची हमी नाही, असे सांगण्यात आले. काय करावे? ज्यांना आम्ही पाच महिने टाळले होते, त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? सांगावे लागलेच नाही. केरळची परिचारिका त्याच इमारतीत कामाला होती. तिला सकाळीच कळले होते.

चौथ्या दिवशी पहाटे रात्रपाळी संपवून आम्ही घरी आलो, तो आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गोव्याच्या बाई पेज ढवळीत उभ्या! घरमालकिणीकडून किल्ली घेऊन त्या आल्या होत्या. टेबलावर काकांचा जुना नकाशा उलटा पडला होता आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने आठवड्याची वाटणी केलेली होती: सोमवारी कोण रुग्णालयात बसणार, मंगळवारी जेवण कोणाचे, घरी आणताना गाडी कोणाची. घानाच्या बाईंनी तर आपली सुट्टी बदलून घेतली होती. आमचे नावही त्या यादीत होते. त्यापुढे लिहिले होते, 'झोप'.

दुपारी रुग्णालयात गेलो. काका खाटेशेजारी बसून सौभाग्यवतींना दुसरा एक नकाशा दाखवीत होते. आम्ही त्यांना बाहेरच्या वाटेत गाठून क्षमा मागू लागलो. त्यांनी थोडे ऐकून घेतले व म्हणाले, "यंदा वाटेवर चिखल फार होता. तुमचे विशेष काही चुकले नाही."

त्या रविवारी आम्ही बाबांना दूरध्वनी केला. या महिन्यापासून शनिवारची पाळी बंद करीत आहोत, हप्ता अर्धाच येईल, असे सरळ सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग बाबा म्हणाले, "अरे, शनिवारी आम्ही तरी शेतात कुठे जातो? बाजारालाच जातो ना!" धाकट्या भावाला मात्र ते रुचले नाही. कर्ज ठरल्यापेक्षा दोन वर्षे उशिरा फिटले. त्यातील बराचसा भार त्याच्यावर पडला व वर्षभर तो आमच्याशी नीट बोलला नाही. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही आजही म्हणू शकत नाही. तो येथे पावसात उभा होता आणि आमच्या सहलींची छायाचित्रे त्याच्यापर्यंत पोहोचत होती.

सौभाग्यवती हिंडू-फिरू लागल्यावर पहिली सहल ठरली बॉक्स हिलची. लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात, गाडीने तासाभराच्या अंतरावर ही टेकडी आहे. पायथ्याशी मोल नावाची नदी वाहते व ती ओलांडण्यासाठी पाण्यात सतरा दगड मांडलेले आहेत. महायुद्धात शत्रू उतरल्यास उपयोग होऊ नये म्हणून ते काढून टाकले होते. १९४६ साली नवे बसविले तेव्हा स्वतः पंतप्रधान ॲटली उद्घाटनाला आले होते. एवढ्याशा दगडांसाठी पंतप्रधान! आम्हांला हसू आले. पण सौभाग्यवतींनी एकेक दगड मोजीत, पुढे पोलिश बाई व मागे घानाच्या बाई यांचा हात धरून नदी ओलांडली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे दगड अंधुक झाले होते. डोंगर चढण्याचा आग्रह त्या दिवशी कोणी धरला नाही. पलीकडच्या काठावर बसून सर्वांनी डबे उघडले.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही परत फिरलो. शेवटचा शनिवार रिचमंडच्या उद्यानात घालविला. तेथे एका उंचवट्यावर झुडपांच्या भिंतीत मुद्दाम एक भोक राखलेले आहे. दुर्बिणीला डोळा लावला की दहा मैलांवरील सेंट पॉलच्या देवळाचा घुमट नेमका त्यात बसलेला दिसतो. ती दृष्टिरेषा मोकळी राहावी म्हणून मधल्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. प्रत्येकाने एकदा पाहिले. काकांनी दोनदा पाहिले. निघताना त्यांनी तो पाठीवर वाटणी लिहिलेला एपिंगचा नकाशा घडी करून सौभाग्यवतींच्या हातात दिला.

गेल्या वर्षी शेंगा काढण्याच्या दिवसांत केरळची ती परिचारिका पतीसह आमच्या गावी चार दिवस राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बूट घालून अंगणात उभी राहिली व म्हणाली, "आज शनिवार आहे." आम्ही त्यांना ओढ्याच्या बाजूने घेऊन निघालो. पुढे वाट संपली आणि दुसऱ्याच्या शेताचा बांध आला. तिने इकडेतिकडे पाहून पिवळा बाण कोठे आहे म्हणून विचारले. बाण कसला! शेताचा मालक पलीकडे वेल उपटीत होता. त्याच्या वडिलांचे व आमच्या बाबांचे याच बांधावरून एकदा मोठे भांडण झालेले. आम्ही थांबलो. तो कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत राहिला, मग ओरडून म्हणाला, "पाहुणे का? या की इकडून!" आणि त्याने ओंजळभर ओल्या शेंगा तिच्या पदरात टाकल्या.